वरचा डोंगर तुझा, पायथा माझा

आक्का,

काल कोगनोळीच्या बायका भेटायला आल्या होत्या. सोप्यात सतरंजीवर टेकल्या, रीतीप्रमाणे डोळ्यांना पदर लावला. मग त्यांच्यातली थोरली म्हणाली, "बस्तीतला डोंगर करणारी बाई गेली म्हणायची." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. तुला जाऊन अजून महिना झाला नाही, रडून माझा घसा बसलेला आहे, आणि तशात माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? डोंगर करणारी दुसरी बाई ही इथं उभी आहे, हिच्याकडं बघा की.

तुला हे कळलं असतं तर पोट धरून हसली असतीस. "शैले, मेलेल्या माणसावर जळतीस व्हय गं?"

व्हय आक्का, जळते. जिवंत होतीस तेव्हा जळत होते. आता गेलीस म्हणून एकाएकी कशी थांबू?

मी निपाणीच्या या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा थोरली तू होतीस. चिकोडीकडची, माहेरी कन्नड बोलणारी. राग आला की मराठी सोडून द्यायचीस. "सुम्म कूडव्वा!" गप बस बाई, हे कन्नड मी तुझ्याकडून पहिल्या आठवड्यात शिकले. मी बेळगावची, मास्तरांची मुलगी, ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेली. त्याचा मला जरा तोरा होता. तो तू पहिल्याच दिवाळीला उतरवलास. तूही त्याच परीक्षा दिल्या होत्यास, आणि तुझी श्रेणी माझ्या वरची होती. हे तू सांगितलं नाहीस. सासूबाईंनी सांगितलं, करंज्या तळता तळता, आणि तू शेजारी बसून खोबरं खात होतीस.

तू आळशी होतीस. भेटायला येणाऱ्यांतलं कुणी हे म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते. दारात रांगोळी घालायची तर मी सूर्य वर येईपर्यंत वाकलेली. पाकळी न् पाकळी भरायची, पाकळीत शिरा काढायच्या. तू तुझ्या बाजूला चार ओढी मारायचीस, एक रंग टाकायचीस आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस. लोक माझ्या रांगोळीवरून पाय जपून टाकत यायचे आणि तुझ्यापुढं थांबायचे. मला वाटायचं, यांना डोळे आहेत की नाहीत?

आणि मग तो डोंगर आला.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या बस्तीत, जैन देवळात, मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. पंचांनी ठरवलं, की सम्मेदशिखरजीचा डोंगर बस्तीच्या हॉलमध्ये उभा करायचा. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले तो डोंगर तिकडं बिहारात. आगगाडीनं दिवसच्या दिवस जायचं, मग चढायचं. ज्यांचे गुडघे गेले त्यांनी काय करायचं? त्यांनी इथंच दर्शन घ्यावं. बाहेरचा कारागीर आणायचं घाटत होतं, तो येतो येतो म्हणून आलाच नाही. तेव्हा पंचांतले बाळगोंडा आप्पा आपल्या सोप्यात येऊन बसले. त्यांचे स्वतःचे गुडघे कामातून गेलेले. सासूबाई आतून म्हणाल्या, "माझ्या दोन सुना काय हात बांधून बसल्यात? त्या करतील." आपल्याला कुणी विचारलं नाही. तू माझ्याकडं बघून एक डोळा मिटलास.

मला मनातून केवढा आनंद झाला होता. कारण शिखरजी मी पाहिला होता. लग्नाआधी आईवडिलांबरोबर जाऊन आले होते, माझ्या पायांनी चढले होते. तू गेली नव्हतीस. मला वाटलं, आता तरी आक्का माझ्यामागून चालेल.

सुताराने कळकाचा सांगाडा उभा केला. समोरच्या भिंतीला टेकलेला, वर पार तुळईला भिडणारा, आणि खाली दोन्ही अंगांना पसरत कठड्यापर्यंत आलेला. त्यावर जाळी, जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट. ते वाळलं की रंग. सरस चालत नव्हता, तो जनावराचा. म्हणून सगळा डिंक. आपण दुपारचं आवरून जायचो आणि सूर्य कलला की हात धुऊन परत, कारण रात्री जेवायचं नाही, दिवे लागायच्या आत घरातली सगळी पानं उठायला हवीत. चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. प्लास्टरात हात बुडाले की 'तू' व्हायचीस.

पहिले काही दिवस मी कामाला लागले आणि तू दारात बसून राहिलीस. खरंच सांगते, मी मोजत नव्हते, पण झाडं करून करून माझी बोटं सोलली. खराट्याच्या काड्या, त्यांना तारेच्या फांद्या, फांद्यांना रंगवलेला भुसा. प्रत्येक झाडाला मी पानं लावत होते. खालून सुरुवात केली होती आणि तशीच वर सरकत होते. सगळ्या डोंगरावर अशी झाडं, सगळ्या वाटेला दगडी पायऱ्या, सगळ्या टोंकांवर, म्हणजे तिथल्या त्या लहान लहान देवळ्यांवर, कळस आणि कमानी. देवाचं काम आहे, एका ठिकाणी बारीक आणि दुसरीकडं ढोबळ कसं चालेल?

तू पोत्यावर बसून चुरमुरे खात होतीस. "शैले," म्हणालीस, "हितं ये."

"काम पडलंय."

"ये तर खरं."

मी आले. तू मला दारातून बघायला लावलंस. "आता सांग. मधल्या अंगाला तू परवा झाडं लावलीस. दिसत्यात?"

हिरवं दिसत होतं. गिचमिड. गोधडीला पडलेल्या ठिगळासारखं.

"आणि खालची?"

खालची दिसत होती. पान न् पान.

"मग वरल्या झाडांना पानं कशापायी? तितं नुसता ब्रश मार. त्याच्या वर तर ब्रशबी नको, नुसता निळा हात फिरव. कठड्यापाशी माणूस नाक लावून बघतंय, तितं नखसुद्धा दिसलं पायजे. जसजसं लांब जाशील तसतसं सोडत जायचं. सगळंच केलंस तर दिवाळी येईल आन् निम्माबी हुणार न्हाय."

"तुला कामच नको," मी म्हटलं.

"ते तर हायच," तू म्हणालीस.

आपलं भांडण हेच, आक्का. ते तेव्हा सुरू झालं ते आजपर्यंत मिटलेलं नाही. तू म्हणायचीस, डोळ्याला दिसतं तेवढं करायचं. मी म्हणायचे, असतं तेवढं करायचं. तू म्हणायचीस, असतंय ते कुणी बघितलंय? मी म्हणायचे, मी बघितलंय! मी गेलेय तिथं!

तेव्हापासून तू मला विचारायला लागलीस. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं. आजवर मला शिखरजीबद्दल कुणी असं विचारलं नव्हतं. लोक विचारतात, गर्दी होती का, थंडी होती का, डोली मिळाली का. तू गोणपाट पिळता पिळता विचारायचीस, "पहिल्यांदा काय दिसलं?"

"डोंगर."

"तसं न्हवं. चढाय लागलीस तवा डोळ्यापुढं काय हुतं?"

मी आठवलं. अंधारातच चढायला लागलो होतो, मग फटफटलं. डोळ्यांपुढं वडिलांच्या टाचा होत्या. अनवाणी, भेगाळलेल्या, भेगांत माती बसलेली. सबंध वाटेवर मी त्या टाचाच बघत होते.

"मग त्या टाचा कर," तू म्हणालीस. "आन् वरलं, पारसनाथाचं टोंक? ते कसं हुतं?"

"एका वळणावरून दिसलं. पांढरं. मग ढग आले. दमल्यावर बघितलं तर आणखीच लांब गेल्यासारखं वाटलं."

"कमानी किती हुत्या?"

मला आठवेना. कळस आठवेना, खिडक्या आठवेनात. पोचलो तेव्हा मी रडत होते, एवढं आठवत होतं.

तू मान हलवलीस आणि पुन्हा गोणपाट पिळायला लागलीस. आणि मग तू वाटून टाकलंस: "खालचं तू कर. वरचं मी करते."

मी खालचं केलं. पायथ्याच्या मधुबन गावाची बाजारपेठ, धर्मशाळा, काठ्या विकणारा म्हातारा, डोलीवाले, चढणीला लागलेला एक माणूस आणि त्याच्यामागून चालणारी परकरातली मुलगी. त्या माणसाच्या टाचांना मी सुईनं भेगा पाडल्या आणि भेगांत माती भरली. तो माणूस बोटाएवढा होता. मी खाली वाकून हे करत असताना तू शिडीवर चढून, झाडूनं मारावेत तसे रंग मारत होतीस आणि वरून कन्नड गाणी गुणगुणत होतीस. मला वाटत होतं, हिनं मला घाण्याला जुंपलं आणि स्वतः मोकळी राहिली.

पण शिखरावर मी अडले. पारसनाथाचं टोंक मी तुला करू देणार नव्हते. तू नुसता गोळा ठेवशील हे मला माहीत होतं. सगळ्या डोंगरावरची सर्वांत पवित्र जागा, आणि ती सर्वांत ढोबळ? का, तर लांब आहे म्हणून?

"देवाचं घर धुरकट ठेवायचं होय गं?" मी विचारलं.

"लांबचं बारीक केलं की ते जवळ आल्यागत वाटतंय," तू म्हणालीस. "शिखर जवळ आलं तर चढायचं कशाला?"

"हे तुझं बोलणं झालं. मी करणार."

"कर," तू म्हणालीस. एवढंच.

बस्तीत शिखरजीचा फोटो होता, त्यावरून मी टोंक केलं. सागाच्या तुकड्याचं. सुताराकडून पटाशी आणून कोरलं. कमानी, पायऱ्या, कळस, कळसावर सुईच्या टोकाएवढा ध्वज. आजही सांगते, माझ्या हातून त्याहून चांगली वस्तू झालेली नाही. तू ते दोन्ही तळव्यांवर घेतलंस, उजेडाकडं धरलंस आणि कितीतरी वेळ बघत राहिलीस. मग स्वतः शिडीवर चढलीस, वर नीट बसवलंस, खाली आलीस आणि मला हाताला धरून दारापाशी नेलंस.

मला तुझ्या आधी दिसलं, आक्का. तुला वाटलं असेल तू मला दाखवलंस. नाही. मला आधी दिसलं. सबंध डोंगर बसला होता. तुळईपर्यंत गेलेला तो डोंगर एखाद्या मातीच्या ढिगासारखा झाला होता आणि वर कुणीतरी डबी ठेवली होती. खालचे माझे यात्रेकरू आता त्या डबीपुढं राक्षस दिसत होते. अंतर म्हणून जे होतं ते नाहीसं झालं होतं.

तू डोळे बारीक करून वर बघितलंस. मग म्हणालीस, "चांगलं झालंय गं. लई चांगलं झालंय. म्हणून तर घात झाला."

तू वर गेलीस, माझं टोंक काढून पदरात घेतलंस, प्लास्टरचा एक गोळा दाबून बसवलास, अंगठ्यानं त्याला एक बाजू पाडलीस, चुना फासलास, आणि कडेनं थोडा निळा रंग ओल्या फडक्यानं पुसत नेलास. चहाला उकळी येईपर्यंतचं काम. मी दारातच उभी होते. तू अंग बाजूला घेतलंस आणि माझ्यासमोर तो डोंगर उठला. वर गेला, मागं गेला. ते पांढरं मला वळणावरून दिसलं होतं तेच होतं. दमल्यावर आणखी लांब गेलेलं.

मी पाहिलेला डोंगर, मी चढलेला डोंगर, तू केलास. तू, जी कधी गेलीच नव्हतीस. त्या दिवशी मी तुझा जेवढा द्वेष केला तेवढा कुणाचा केला नाही. घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून पडले. माझं सागाचं टोंक सासूबाईंनी घरच्या देव्हाऱ्यात ठेवलं आणि त्याची पूजा व्हायला लागली. तेव्हा ह्यांनी मला समजावलं, "बघ, तुझं तर देवाशेजारी गेलं." ह्यांना वाटलं मी त्यानं शांत होईन.

लोक बघायला आले तो दिवस तुला किती आवडायचा! जन्मभर सांगत होतीस. चिकोडीकडून बैलगाड्या आल्या, कोगनोळीहून, संकेश्वराहून बसनं माणसं आली. बाळगोंडा आप्पांना दोघांनी धरून आणलं. ते दारातच थांबले. हात जोडले आणि त्यांचा श्वास जोरात चालायला लागला, खरंच चढून आल्यासारखा. मग हळूहळू कठड्याशी आले, वाकले, नाक लावून माझी पेठ बघितली, तो माणूस बघितला, त्याच्या टाचांशी त्यांचे डोळे थांबले. पुन्हा वर बघितलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि म्हणाले, "आक्का, डोंगर हितं आणलास गं."

मी तुझ्या शेजारीच होते. सासूबाई म्हणाल्या, "दोघींनी केलाय, आप्पा."

"व्हय, व्हय," आप्पा म्हणाले. एखाद्या पोरानं 'मी पण' म्हटल्यावर म्हणतो तसं.

आणि तू? तू हसून पदर सावरलास. एक शब्द बोलली नाहीस. मी वाट बघत होते.

पुढच्या वर्षांत तुला किती बोलावणी आली. तू मला घेतल्याशिवाय कुठं गेली नाहीस, हेही खरं. पण लोक म्हणायचे, "आक्का आल्या. आणि त्यांच्या जाऊबाई." खालचं मी, वरचं तू, हे गावोगाव तसंच राहिलं. माणसं माझ्या कामावर वाकायची आणि तुझ्या कामाकडं बघून हात जोडायची. माझी सुजाता शाळेत चित्र काढून आली की दप्तर माझ्याकडं टाकायची आणि चित्र तुझ्याकडं न्यायची. मी तिला कधी अडवलं नाही. पण ती तुझ्याकडं धावली की माझ्या हातातली भाकरी जाड व्हायची.

सगळ्यांत वाईट बेळगाव. माझं माहेर. तिथल्या बस्तीत डोंगर हॉलच्या मधोमध उभा करायचा होता, चारी अंगांनी फिरून बघण्यासारखा. मला वाटलं, आता हिची गंमत. आता मागची बाजू कुठं लपवशील? तू लपवलीस कुठं? कठड्याच्या कडेनं हाताच्या अंतरावर माझं काम गोल फिरवलंस, आणि वर सगळीकडून तुझा धूसर डोंगर. उलट चारी अंगांनी उठला. माझी आई बघायला आली. चष्मा पुसून पुसून तिनं बघितलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या जावेच्या हातात देव आहे गं." माझ्या आईनं! तिच्या नवऱ्याच्या टाचा मी त्या कठड्याशी कोरल्या होत्या आणि तिनं त्या ओळखल्या नाहीत.

परतताना लाल बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. हत्तरगीच्या पुढं तू झोपलीस आणि तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ढकलावं असं वाटलं. निपाणीपर्यंत खांदा हलवला नाही, कारण तू तीन दिवस शिडीवर उभी होतीस आणि तुझ्या पायांना सूज होती. आळशी म्हणते तुला. पण सूज मीच बघितली होती.

मी तुला कितीदा म्हटलं, शिखरजीला जाऊन ये. भाऊजी न्यायला तयार होते. तू टाळत राहिलीस. "तू बघितलाईस न्हवं? मग झालं."

"ते माझं बघणं आहे," मी एकदा चिडून म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर किती दिवस जगशील?"

तू भाजी निवडत होतीस. मान वर केली नाहीस. "आन् मी बघून आले आन् माझा येगळाच निघाला, तर? मग तुझा कसा करू?"

तू निवडलेली भाजी उचलून मी चुलीकडं गेले. तुला माझाच डोंगर करायचा होता का, आक्का? का तुझी ती पळवाट होती, चढायचा कंटाळा म्हणून? दोन्ही तुला शोभतं. विचारायचं राहून गेलं, कारण विचारलं असतं तर तुला कळलं असतं की ते वाक्य मी किती वर्षं मनात धरून बसलेय.

या पावसाळ्यात तुझं अंग उतरायला लागलं. आधी तू हसण्यावारी नेलंस, मग जेवण जाईना, मग बेळगावच्या दवाखान्यात. मी तुझ्याबरोबर राहिले. भाऊजी बाहेर बाकावर, मी आत. लोक म्हणतात, शेवटी माणूस मन मोकळं करतं. मी त्या खाटेशी बसून एका वाक्याची वाट बघत होते. ते वाक्य मीच तयार करून ठेवलं होतं. "शैले, खालचं तू केलंस म्हणून वरचं उभं राहिलं." तुझ्या आवाजात, तुझ्या बोलीत मी ते किती वेळा ऐकलं होतं. तू फक्त म्हणायचं होतं.

तू म्हणालीस, "इथला चहा म्हंजे नुसतं पाणी." तू म्हणालीस, "सुजाताच्या परकराची शिवण उसवलीया, बघ." शेवटच्या दुपारी डोळे उघडून माझ्याकडं बराच वेळ बघितलंस. मी जवळ वाकले.

"उशी वर घे," म्हणालीस.

घेतली. तेवढंच.

मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि स्वयंपाकघरात दोन वाट्या चहा ओतते आहे. एक परत पातेल्यात ओतावी लागते. तू आलीस तेव्हा मला या घरात कुणी ओळखत नव्हतं, असं लिहिणार होते, पण आले मी. तू आधीच होतीस. माझं असंच होतं अजून. तुझ्याआधीचं हे घर मला आठवतच नाही, कारण मी ते बघितलेलंच नाही.

आता सांगते ते गेल्या आठवड्यातलं. परतीच्या पावसात बस्तीची दोन कौलं सरकली आणि पाणी नेमकं इतकी वर्षं तसाच ठेवलेल्या आपल्या डोंगराच्या माथ्यावर गळलं. प्लास्टर फुगलं आणि टोंकासकट वरचं अंग खाली आलं. आतलं जाळीचं भोक दिसायला लागलं. दिवाळीला महावीर निर्वाणाचा लाडू चढवायला सगळा गाव येणार. पंच घरी आले. आप्पा आता नाहीत. नवे पंच, कुणाला कसं बोलावं कळत नव्हतं. एकजण म्हणाला, "काकी, आक्का असत्या तर त्यांनाच... पण आता तुम्हीच बघा. जमेल तसं."

जमेल तसं! मी म्हटलं, येते.

सुताराला शिडी धरायला लावून मी चढले. इतक्या वर्षांत त्या शिडीवर मी कधी चढले नव्हते, ती तुझी होती. वरून हॉल किती लहान दिसतो गं. खालची माझी माणसं दिसतच नव्हती, नुसते ठिपके. मी गोणपाट बसवलं. वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर कालवलं आणि गोळा हातात घेतला, तर बोटं लगेच कोरायला निघाली. कमान, पायरी. मी त्यांना आवरलं. तुझ्यासारखं करायचं म्हणून नव्हे, हे लक्षात ठेव. मी डोळे मिटले आणि वडिलांच्या टाचांपासून सुरुवात केली. टाचा, वळण, ढग, दमणं. मग अंगठ्यानं एक बाजू पाडली. चुना फासला. निळा रंग फडक्यानं पुसत नेला.

खाली उतरले आणि दारापाशी जाऊन वळून बघितलं.

आक्का, उठला. पहिल्या खेपेलाच. तुझ्याइतका, आणि खोटं कशाला बोलू, डावीकडच्या अंगाला तुझ्याहून जरा जास्तच. सुतार चहा प्यायला गेला होता, हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी ओरडणार होते, कुणाला तरी बोलावणार होते, आणि बोलावण्यासारखं एकच माणूस डोळ्यांपुढं आलं.

तेवढ्यात पाठीमागून दोघीजणी आल्या. सासू आणि नवी सून, बाहेरगावच्या असाव्यात, मी ओळखलं नाही. सासूनं दारातच चपला काढल्या, वर बघितलं आणि हात जोडले. मग सुनेला म्हणाली, "बघ. निपाणीच्या आक्कांनी केलेला. बाई गेली बिचारी, पण काम बघ कसं ऱ्हायलंय. कालच केल्यागत."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. कोपरापर्यंत प्लास्टर, केसांना चुना, साडीवर निळे डाग. नव्या सुनेनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, आणि विचारलं, "व्हय हो काकी? आक्कांनीच केलाय न्हवं?"

माझं तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांचं सगळं जिभेवर आलं होतं.

"व्हय," मी म्हटलं. "आक्कानंच."

मग हात धुतले, पायऱ्या उतरले, आणि बस्तीपासून घर येईपर्यंत सबंध रस्ता तुझ्याशी भांडत आले.